ऐंशी आराखडे आणि हलायला तयार नसलेली गाडी

१९९५ सालच्या अखेरीस टोयोटाच्या अभियंत्यांसमोर एक गाडी उभी होती, आणि नुसती उभीच होती. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र चालवणाऱ्या नव्या हायब्रिड यंत्रणेचा तो पहिला नमुना. आठवडे उलटले तरी चाक हलेना. तब्बल ४९ दिवसांनी गाडी हलली, तीही पाचशे मीटर, आणि पुन्हा थांबली. याच गाडीची संगणकातली आवृत्ती मात्र त्याआधीच व्यवस्थित धावून दाखवत होती. पुढे हीच गाडी ‘प्रियस’ म्हणून विकायला आली.

ही कथा दोन प्रकारे सांगितली जाते. सिम्युलेशन, म्हणजे संगणकातली नक्कल, विकणारे म्हणतात, बघा, संगणकामुळे प्रियस झाली. कार्यशाळेत हात काळे करणारे म्हणतात, बघा, संगणकावर पळते ती गाडी जमिनीवर हलतसुद्धा नाही. मी स्वतः वाहनांची मॉडेलं लिहितो, त्यामुळे माझा कल कुणीकडे असणार हे उघड आहे. तरी मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. संगणकाला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्यानं चोख दिलं. गाडी ज्या प्रश्नावर अडली तो त्याला कुणी विचारलाच नव्हता. या प्रकरणात मला हे दोन प्रश्न वेगळे करून बघायचे आहेत.

प्रश्न कुठून आला

१९९३ मध्ये टोयोटानं एकविसाव्या शतकासाठीच्या गाडीचा विचार सुरू केला. प्रकल्पाचं नाव ‘जी-२१’. मुख्य अभियंता म्हणून ताकेशी उचियामादा आले. त्यांचा आधीचा अनुभव गाडीतला आवाज आणि कंपनं कमी करण्याचा, आणि अख्ख्या गाडीची जबाबदारी त्यांच्यावर पहिल्यांदाच येत होती. सुरुवातीचं उद्दिष्ट इंधनाची बचत, म्हणजे लिटरमागे कापलं जाणारं अंतर, दीडपट करण्याचं होतं. सुधारलेलं इंजिन, चांगला गिअरबॉक्स, थोडं कमी वजन एवढ्यावर ते गाठता येईल असा अंदाज होता.

१९९४ संपता संपता उपाध्यक्ष अकिहिरो वाडा यांनी सांगितलं की दीडपट पुरणार नाही, दुप्पट हवी. या एका वाक्यानं प्रश्नाची जातच बदलली. दीडपटीसाठी आहे ती गाडी घासूनपुसून चालली असती. दुप्पट म्हटल्यावर आराखडाच नवा हवा. का, ते थोड्या हिशेबानं दिसतं. कागद-पेन्सिलीनं जमणारा हा हिशेब मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावतो.

माणसं धरून गाडीचं वजन १३५० किलो धरू. टायर जमिनीवर लोळताना होणारा विरोध वजनाच्या ०.९ टक्के, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३०, समोरचं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरच्या स्थिर वेगात टायरचा विरोध साधारण १२० न्यूटन आणि हवेचा ४७ न्यूटन होतो. बेरजेला वेगानं गुणलं की चाकाशी लागणारी शक्ती निघते १.८ किलोवॅट. ताशी १०० ला हाच आकडा ११ किलोवॅटच्या थोडा वर जातो. आणि बॉनेटखालचं इंजिन? ते चाळीस-पन्नास किलोवॅटचं किंवा त्याहून मोठंच असतं, कारण चढावर आणि ओव्हरटेक करताना ते लागतं.

म्हणजे शहरात गाडीचं इंजिन बहुतेक वेळ हत्तीकरवी सुपारी फोडून घेतल्यासारखं राबतं. पेट्रोल इंजिन त्याच्या सर्वांत चांगल्या बिंदूवर, म्हणजे फेरे आणि भार यांच्या सर्वांत सोयीच्या मेळावर, इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कामाला लावतं. दोन किलोवॅटच्या भारावर ही कार्यक्षमता निम्म्यावर किंवा त्याखाली घसरते. सिग्नलला उभं असताना तर ती शून्य असते. इंजिन कितीही सुधारलं तरी त्याला असल्या बिंदूंवर चालवत राहिलं तर दुप्पट बचत होणार नाही. इंजिनाला चांगल्या बिंदूवरच चालवायचं, उरलेली ऊर्जा साठवायची, नको तेव्हा इंजिन बंद करायचं आणि ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत घ्यायची, हे सगळं करायचं तर मोटर आणि बॅटरी आलीच. मात्र ती कशी जोडायची याचे मार्ग अनेक आहेत.

ऐंशी वाटा

टोयोटाच्या गटानं सुमारे ८० हायब्रिड रचना विचारात घेतल्या. त्या टप्प्याटप्प्यानं गाळत शेवटी चार उरल्या आणि त्यातून एक निवडली. या चाळणीत संगणकावरच्या सिम्युलेशनचा मोठा हात होता. ताकेहिसा याएगाशी यांच्या हाताखाली १९९५ च्या सुरुवातीला वेगळा गट बसवला गेला आणि काही महिन्यांत निर्णय झाला. ऐंशी सोडा, आठ गाड्या प्रत्यक्ष बांधून बघायच्या म्हटल्या असत्या तरी ते शतक संपलं असतं.

रचना मोजायला गेलं तर मुळात तीन घराण्यांतल्या. पहिलं मालिका घराणं: इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकं फिरवते ती मोटर. दुसरं समांतर: इंजिन आणि मोटर दोघंही एकाच शाफ्टला हातभार लावतात. तिसरं मिश्र, ज्यात थोडी शक्ती गिअरमधून आणि थोडी विजेच्या वाटेनं जाते. प्रत्येक घराण्यात मग क्लच कुठे, मोटर एक की दोन, गिअरबॉक्स ठेवायचा की काढायचा, साठवण बॅटरीत की कपॅसिटरमध्ये, असे फाटे फुटत जातात. ऑक्टोबर १९९५ च्या टोकियो मोटर शोमध्ये टोयोटानं प्रियस नावाची जी संकल्पना-गाडी मांडली तिच्यात साठवणीला कपॅसिटर होता. दोन वर्षांनी विकली गेलेली यंत्रणा तिच्याहून अगदी निराळी होती.

घराण्यांची तुलना ढोबळ गुणाकारानंही करता येते. जनरेटर आणि मोटर दोघांची कार्यक्षमता ९० टक्के धरा. मालिका रचनेत इंजिनाची शक्ती दोघांतून जाते, म्हणजे चाकापर्यंत ८१ टक्के पोचते. मध्ये बॅटरीत भरून पुन्हा काढली आणि भरताना-काढताना आणखी दहा-दहा टक्के गेले तर उरतात ६६. साधा गिअर ९७ टक्के शक्ती पुढे पोचवतो. एवढं बघून कुणीही म्हणेल, मालिका रचना बाद. पण थांबा. मालिकेत इंजिन चाकांपासून मोकळं असतं, त्यामुळे ते सदैव चांगल्या बिंदूवर चालवता येतं. शहरात हा फायदा तो तोटा भरून काढतो, मोकळ्या रस्त्यावर नाही. कुठे कोण किती पुढे हे सांगायचं तर प्रवासाचा एकेक सेकंद मोजावा लागतो. संगणक लागतो तो इथे.

एका सेकंदाची ओळ

या टप्प्यावर जी पद्धत वापरतात तिला उलटं सिम्युलेशन म्हणायला हरकत नाही. चालकापासून सुरुवात न करता चाकापासून करायची. गाडीनं वेगाचं ठरलेलं वेळापत्रक पाळलंच असं गृहीत धरायचं आणि त्यासाठी काय लागलं असतं ते मागे मागे मोजत पेट्रोलच्या टाकीपर्यंत जायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेनं १९९४ मध्ये सुरू केलेली ‘ॲडव्हायझर’ ही प्रणालीही मुख्यतः याच पद्धतीची. हायब्रिडवर काम केलेल्या एका अख्ख्या पिढीनं तिच्यावर हात बसवला.

जपानमध्ये त्या काळी इंधनाचा आकडा ‘१०-१५ मोड’ नावाच्या वेळापत्रकावर ठरायचा: ६६० सेकंद, ४.१६ किलोमीटर, कमाल वेग ताशी ७०, सरासरी जेमतेम २३. जवळपास एक-तृतीयांश वेळ गाडी जागेवर उभी. त्यातला एक क्षण घेऊ. गाडी ताशी ३६ वर आहे आणि दर सेकंदाला ०.८ मीटर प्रति सेकंद या गतीनं वेग वाढतोय. वजनाला ढकलायला १०८० न्यूटन, टायर आणि हवेला मिळून १५७. एकूण १२३७ न्यूटन, वेग १० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १२.४ किलोवॅट. पुढे ताशी ४० ला वेग स्थिर झाला की मागणी एकदम १.८ वर येते. मग दहा सेकंदांत थांबायचं आहे: ब्रेक लागतो त्या क्षणी चाकातून सुमारे १५ किलोवॅट परत येऊ बघतात.

अशा ६६० ओळी. प्रत्येक ओळीत नियंत्रणाचा नियम ठरवतो की इंजिन चालू की बंद, चालू असेल तर कुठल्या बिंदूवर, आणि फरक बॅटरीनं किती भरायचा. इंजिन, मोटर, जनरेटर या सगळ्यांचे मोजून काढलेले नकाशे तक्त्यासारखे आत भरलेले असतात: इतक्या फेऱ्यांना आणि इतक्या टॉर्कला (शाफ्ट फिरवणाऱ्या जोराला) इतकं इंधन, इतका तोटा. बॅटरी म्हणजे एक व्होल्टेज आणि एक अंतर्गत रोध, दोन्ही चार्जनुसार बदलणारे. आत भौतिकशास्त्राचं फार काही गहन नाही. सगळी मेख हिशेबाच्या शिस्तीत आहे.

ती शिस्त मोडली तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या मॉडेलनं इतका देखणा ॲव्हरेज दिला की मी तो लगेच वरिष्ठांना दाखवला. त्यांनी आलेखावर बोट ठेवून एकच विचारलं, “सुरुवातीला बॅटरी किती होती आणि शेवटी किती आहे?” सुरुवातीला ७० टक्के, शेवटी ५२. गाडी उधारीवर पळाली होती आणि उधारी मी कमाईत धरली होती. चार्जिंगला न लावता चालणाऱ्या हायब्रिडमध्ये शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलचीच असते, म्हणून तुलनेआधी सुरुवातीचा आणि शेवटचा चार्ज जुळवावा लागतो. अमेरिकी अभियंत्यांच्या ‘एसएई जे१७११’ या चाचणी-मानकात यासाठी मर्यादा घातलेली आहे: बॅटरीतल्या ऊर्जेचा फरक जळलेल्या इंधनाच्या ऊर्जेच्या एक टक्क्यात हवा. ऐंशी रचनांची तुलना करताना एकीच्या खात्यावर ही उधारी राहून गेली, तर चाळणीतून भलतीच रचना खाली पडेल.

आणखी एक खोच आहे. दोन रचनांना एकच नियंत्रण-नियम लावून तुलना करणं म्हणजे क्रिकेटरला आणि कबड्डीपटूला एकाच मैदानावर एकाच खेळात जोखणं. प्रत्येक रचनेला तिच्या दृष्टीनं सर्वोत्तम नियम द्यायला हवा. यासाठी ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ हे गणित वापरतात. अख्खा प्रवास आधीच माहीत आहे असं धरून ते शेवटच्या सेकंदापासून मागे येत प्रत्येक निर्णय तपासतं. प्रत्यक्ष गाडीत ते चालत नाही, कारण पुढचा सिग्नल लाल आहे की हिरवा हे गाडीला कुठून कळणार! पण या रचनेतून जास्तीत जास्त किती काढता येईल याची वरची रेघ त्यातून मिळते. त्या रेघेलाच जी रचना पोचत नाही तिच्यावर पुढे वेळ घालवायचा नाही. माझ्या मते सिम्युलेशनचा सर्वांत प्रामाणिक उपयोग हाच आहे, नकार देण्याचा.

तीस दाते, अठ्ठ्याहत्तर दाते

निवड झाली ती मिश्र घराण्यातल्या एका रचनेची. कल्पना अगदी नवी नव्हती. अमेरिकेतल्या टीआरडब्ल्यू कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच तत्त्वावरच्या यंत्रणेचं पेटंट १९७१ मध्ये घेतलं होतं. पण तेव्हा ती वेगानं हाताळू शकणारी इलेक्ट्रॉनिक्स नव्हती.

मधोमध एक सूर्य-गिअर, भोवती छोटे ग्रह-गिअर, बाहेर आतून दाते असलेलं कडं. सूर्याला जनरेटर जोडला, ग्रहांना धरणाऱ्या चौकटीला इंजिन आणि कड्याला मोटर व चाकं. प्रियसमध्ये सूर्याला ३० दाते आणि कड्याला ७८. बस्स, इतकंच. यात ना क्लच, ना बदलायचे गिअर. दात्यांच्या संख्येवरून एक ओळीचं समीकरण निघतं: सूर्याचे फेरे म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची ३.६ पट वजा कड्याच्या फेऱ्यांची २.६ पट. टॉर्कची वाटणीही दात्यांनीच ठरवलेली. इंजिनाचा टॉर्क १०० धरला तर ७२ कड्याकडे, २८ जनरेटरकडे, मग वेग काहीही असो.

आता या समीकरणात आकडे घालून बघा. २००० साली अमेरिकेत आलेल्या प्रियसच्या जनरेटरची मर्यादा मिनिटाला ६५०० फेऱ्यांची होती. इंजिन बंद आहे आणि कडं २५०० फेऱ्यांनी फिरतंय. सूर्य उलट्या दिशेनं २५०० गुणिले २.६, म्हणजे नेमक्या ६५०० फेऱ्यांवर पोचतो. त्या गाडीत कड्याचे २५०० फेरे म्हणजे ताशी साधारण ६७-६८ किलोमीटर. यापुढे इंजिन बंद ठेवून जाता येणारच नाही. इंधन नको असलं तरी इंजिनाला फिरत राहावं लागेल, नाहीतर जनरेटर मर्यादा ओलांडेल. दुसरं टोक घ्या. गाडी उभी आहे, कड्याचे फेरे शून्य. इंजिन ६५०० भागिले ३.६, म्हणजे १८०० च्या वर नेता येत नाही. उभ्या गाडीत किंवा नुकत्याच निघालेल्या गाडीत इंजिनाची पूर्ण ताकद हाताशी नसते, ती कसर मोटरनं भरायची.

मला हा हिशेब फार आवडतो. गाडीचा एक पार्ट न घडवता, तीन ओळींत तिचा स्वभाव कळतो. २००३ मध्ये दुसरी पिढी आली तेव्हा जनरेटरची मर्यादा १०,००० फेऱ्यांवर नेली गेली. आता उभ्या गाडीतही इंजिनाला २७०० च्या वर जाता येत होतं. कमी-मध्यम वेगात गाडी जास्त जोमानं उचलू लागली, आणि त्यामागचा मोठा धागा हा एक आकडा होता.

मोटर आणि इंजिनाची जोडी कशी बसली हेही आकड्यांतच वाचता येतं. १९९७ च्या गाडीतलं दीड लिटरचं इंजिन ४००० फेऱ्यांना ४३ किलोवॅट द्यायचं. ते ॲटकिन्सन चक्रावर चालायचं: आत घेण्याची झडप उशिरा मिटते, त्यामुळे थोडी हवा परत जाते, ताकद कमी मिळते पण प्रत्येक थेंबातून काम जास्त निघतं. टॉर्क सुमारे १०२ न्यूटन-मीटर. असलं मवाळ इंजिन साध्या गाडीत घातलं असतं तर सिग्नल सुटल्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागले असते. शेजारची मोटर मात्र ३० किलोवॅटची असूनही जागेवरून ३०५ न्यूटन-मीटर द्यायची, इंजिनाच्या तिप्पट. एकाची उणीव दुसऱ्यानं झाकायची. ही जोडी जुळवायची तर इंजिन थोडं लहान, मोटर थोडी मोठी, बॅटरी तेवढीच, असे शेकडो फेरफार करून दर वेळी ६६० ओळी पुन्हा चालवाव्या लागतात. माणसानं हे हातानं करायचं ठरवलं तर दुसऱ्या आठवड्यात राजीनामा देईल.

बॅटरीच्या बाबतीत सिम्युलेशन एक गैरसमज दूर करतं. निकेल-मेटल हायड्राइडची ती बॅटरी २८८ व्होल्टची, कागदावर दोन किलोवॅट-तासांच्याही आतली. इतकुशी? ताशी ७० वरून पूर्ण थांबेपर्यंत आपल्या १३५० किलोच्या गाडीत गतिज ऊर्जा असते २५५ किलोज्यूल, म्हणजे ७१ वॅट-तास. सगळी परत मिळाली तरी बॅटरीचा चारेक टक्के भाग भरेल. जागा भरपूर आहे. अडतं ते दारापाशी. त्याच वेगावरून जरा जोरात, ३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका ब्रेक मारला तर पहिल्या क्षणी जवळपास ७४ किलोवॅट येऊ बघतात. मोटर ३० ची, बॅटरी एका वेळी घेऊ शकते साधारण वीस. उरलेलं ब्रेकच्या पट्ट्यांत गरम होऊन गेलं. म्हणजे बॅटरी निवडताना प्रश्न ‘किती मावेल’ हा नसून ‘किती वेगानं आत घेईल’ हा आहे.

पण मघाची ओळ आठवा. १०-१५ मोडमधल्या सौम्य ब्रेकला आकडा १५ किलोवॅटच होता. त्या वेळापत्रकावर ही बॅटरी जवळजवळ सगळं परत घेते. घाईघाईनं गाडी हाकणाऱ्याच्या हातात ती तसं करणार नाही. मॉडेल दोन्ही वेळा खरंच बोलतंय, फक्त त्याला वेगळा रस्ता दाखवलाय.

जे मॉडेलमध्ये नव्हतं

आता पुन्हा त्या उभ्या गाडीकडे. गटातले अभियंता सातोशी ओगिसो यांनी नंतर सांगितलं त्याचा आशय असा की संगणकावर यंत्रणा छान चालत होती, पण खरा पार्ट काम करतो की नाही हे बघणं ही वेगळीच गोष्ट. गाडी अडली होती ती सॉफ्टवेअर आणि विजेच्या जोडण्यांतल्या दोषांवर.

उलट्या सिम्युलेशनची बैठक लक्षात घेतली तर यात नवल काही नाही. गाडीनं वेळापत्रक पाळलंच, हे तिथे गृहीत आहे. गाडी सुरूच होणार नाही ही शक्यता त्या गणितात लिहायला जागाच नाही. इंजिन पेटायला किती मिलिसेकंद लागतात, दोन कंट्रोलर (यंत्रणा चालवणारे छोटे संगणक) एकमेकांना निरोप पाठवतात तो उशिरा पोचला तर काय, सेन्सरच्या तारेत मोटरच्या विजेचा गोंगाट शिरला तर काय, यातलं काहीही एका सेकंदाच्या ओळीत दिसत नाही. आणि या विशिष्ट रचनेत क्लच नाही. इंजिनाच्या २८ टक्के टॉर्कला जनरेटरनं नेमका आधार दिला नाही, तर उरलेले ७२ टक्केही चाकापर्यंत जात नाहीत, इंजिन नुसतं मोकळं भणाणतं. समीकरणात जे सौंदर्य होतं त्याची ही किंमत: तिघांनी ताल धरला तरच गाडी चालते.

यासाठी दुसऱ्या जातीचं सिम्युलेशन लागतं, पुढच्या दिशेचं. त्यात आधी चालक पेडल दाबतो, मग कंट्रोलर निर्णय घेतो, मग टॉर्क तयार होतो, आणि वेग जो यायचा तो येतो. कधी येतही नाही. पायऱ्या सेकंदाच्या नव्हे, मिलिसेकंदाच्या. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे खरा कंट्रोलर टेबलावर ठेवून त्याला संगणकातल्या खोट्या गाडीशी जोडायचं, असं की आपण प्रयोगशाळेत आहोत हे त्या बिचाऱ्याला कळूच नये. तार तुटल्याचं सोंग करा, सेन्सरला चुकीचा आकडा द्या, आणि बघा काय करतो ते. आज हायब्रिडचं सॉफ्टवेअर या टेबलावरून गेल्याशिवाय गाडीत जात नाही. तरी एक सांगतो: या टेबलावरसुद्धा सापडतं तेच, ज्याचं सोंग करायचं आपल्याला सुचतं.

उष्णतेचा मुद्दा तर अजूनच चिवट. बॅटरी एक व्होल्टेज आणि एक रोध असं लिहिलं की ६६० सेकंदांच्या धावेत तापमान जवळजवळ स्थिर धरलं तरी चालून जातं. खरी बॅटरी गाडीत तासन्‌तास राहते, उन्हात आणि बर्फात. चाचण्यांत ती फार तापली किंवा फार गारठली की काम थांबवायची. हिरोशी ओकुदा ऑगस्ट १९९५ मध्ये टोयोटाचे अध्यक्ष झाले. त्यांनी नमुना-गाडीतून फेरी मारली तेव्हा बॅटरी पेट घेऊ नये म्हणून एक अभियंता शेजारच्या सीटवर लॅपटॉप उघडून तापमानावर नजर ठेवून बसला होता. कंपनीचा अध्यक्ष चाकामागे आणि शेजारी आकडे वाचणारा अभियंता. सिम्युलेशनच्या मर्यादेचं याहून बोलकं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

याच ओकुदांनी मुदतही आवळली. आधी १९९८ च्या शेवटी गाडी आणायची असं ठरत होतं, त्यांनी ती १९९७ च्या शेवटावर ओढली. आराखडा निवडायला सिम्युलेशननं जो वेळ वाचवला होता तो या दोन वर्षांत कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) यांच्या कामात खर्ची पडला. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातली खरी मिळकत इथे आहे. आराखड्यावरून मागे फिरावं लागलं नाही. ४९ दिवस गाडी अडली असतानाही ८० मधल्या दुसऱ्या रचनेकडे वळायची पाळी आली नाही, कारण दोष रचनेत नाही, जोडणीत आहे, एवढं धरून चालायला हातात आधार होता.

१० डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये विक्री सुरू झाली. १०-१५ मोडवर आकडा आला लिटरला २८ किलोमीटर. वाडांनी मागितलेली दुप्पट त्या वेळापत्रकावर मिळाली होती.

आणि अमेरिकेत? तिथल्या पर्यावरण संस्थेनं २००१ च्या मॉडेलला शहरात गॅलनला ५२ मैल आणि महामार्गावर ४५ असे आकडे दिले. गाडी घेणाऱ्यांना रोजच्या वापरात ते दिसेनात, तक्रारी वाढल्या. तक्रार एकट्या प्रियसची नव्हती, पण हायब्रिडमध्ये फरक जास्त डोळ्यांत भरायचा. २००८ च्या मॉडेलांपासून त्या संस्थेनं पद्धत बदलली. जास्त वेग, जोरात वेग वाढवणं, एसी आणि थंडी हे सगळं हिशेबात आलं आणि जुन्या गाड्यांचे आकडेही नव्या पद्धतीनं फिरवून लावले गेले. २००१ ची प्रियस शहरात ५२ वरून ४२ वर आली, महामार्गावर ४५ वरून ४१ वर. गाडीतला एक स्क्रूही बदललेला नव्हता.